समोरचा खोटं बोलतोय का? सौदा, चोरी आणि जमिनीच्या बोलणीत देहबोली कुठवर वाचावी

बैलबाजारात, आडत्याच्या काट्यावर किंवा सालदाराच्या चौकशीत लोक समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत बसतात. डोळे चोरले, नाकाला हात लावला, अडखळला, म्हणजे खोटा. ही समजूत आपल्याकडचीच नाही. ५८ देशांतल्या लोकांना खोटारड्याची खूण विचारली, तेव्हा सगळ्यात जास्त वेळा "नजर देत नाही" हेच उत्तर आलं. मात्र ही खूण प्रत्यक्षात जवळपास निरुपयोगी आहे. चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो यांनी २००६ साली दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र केले. त्यांत चोवीस हजारांवर लोकांनी खरं-खोटं ओळखायचा प्रयत्न केला होता. सरासरी निघाली ५४ टक्के. नाणं उडवून निकाल लावला तरी ५० येतात. खोट्या बोलण्यांपैकी खोटी म्हणून ओळखली गेली ४७ टक्केच. पोलीस आणि इतर जाणकारही सामान्य माणसापेक्षा वरचढ ठरले नाहीत.

म्हणून या लेखात देहबोलीला एकच काम दिलं आहे: प्रश्न कुठे विचारायचा ती जागा दाखवण्याचं. निकाल प्रश्नांनी आणि पडताळणीने लावायचा.

आधी या खुणा सोडा

खाली नजर. आपल्या खेड्यात लहान माणूस मोठ्यापुढे, सून सासऱ्यापुढे आणि सालदार मालकापुढे नजर खाली ठेवूनच बोलतो. तो रिवाज आहे. उलट ज्याने दहा बाजारांत दहा गिऱ्हाइकं गुंडाळली आहेत, तो डोळ्यांत डोळे घालून बोलतो, कारण लोक नजर बघतात हे त्यालाही ठाऊक असतं.

डोळे उजवीकडे वर गेले की बनवून सांगतोय आणि डावीकडे गेले की आठवून, हेही पुष्कळ ठिकाणी शिकवतात. रिचर्ड वाइजमन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली ते तपासून पाहिलं. खोटं बोलण्याचा आणि डोळ्यांच्या दिशेचा काही संबंध सापडला नाही. हा मुद्दा इथेच संपला.

घाम. मे महिन्यात चंद्रपूर-वर्धा पट्ट्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा खरं बोलणाराही निथळत असतो.

तोंडातला खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण. विदर्भात याचा हिशेब वेगळा धरावाच लागतो. खर्रा तोंडात असलेला माणूस मान किंचित वर करून, ओठ मिटून, कमी शब्दांत बोलतो आणि थुंकायला उठतो तेव्हा मध्येच थांबतो. दाबलेले ओठ, वर गेलेली हनुवटी, तुटक उत्तर, हे सगळं खर्ऱ्यामुळे होतं. त्यातल्या काही खुणा खरोखरच खोट्याशी थोड्या जोडलेल्या आहेत (त्या पुढे येतील), म्हणून घोटाळा आणखी वाढतो. महत्त्वाचं बोलणं त्याचा खर्रा थुंकून झाल्यावर, चूळ भरल्यावर करा. चहा मागवला की हे आपोआप होतं.

भाव करतानाचे चेहरेही सोडून द्या. कापसात हात घालून मूठ दाबायची, नाक मुरडायचं आणि "ओला हाये" म्हणायचं, हा खरेदीदाराचा धंदाच आहे. विकणाराही "आता परवडत नाही बावा" म्हणून दोर सोडतो. दोघांनाही खेळ माहीत असतो. जुन्या बाजारात भाव रुमालाखाली बोटं धरून व्हायचे ते इतरांना कळू नयेत म्हणून. तेव्हाही चेहऱ्यावरून कोणी आकडा काढत नव्हतं.

पायरी १: भेटण्याआधी तीन गोष्टी माहीत करून घ्या

मोकळ्या डोक्याने जाऊ नका. समोरच्याला ठाऊक नसताना तुम्हाला पक्क्या माहीत असलेल्या निदान तीन गोष्टी हाताशी हव्यात. बैल असेल तर तो कोणत्या गावचा, कोणाच्या वावरात राबला आणि बाजारात याआधी कधी येऊन गेला. जमीन असेल तर डिजिटल सहीचा सातबारा काढा, १५ रुपयांत ऑनलाइन मिळतो. त्यावर नावं, क्षेत्र आणि बोजा दिसतो. चौकशी चोरीची असेल तर एखादी पावती किंवा एखाद्याने प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट.

या गोष्टी लगेच बोलून दाखवायच्या नाहीत. कधी बाहेर काढायच्या, ते पायरी ४ मध्ये.

जागा सावलीची घ्या. समोरच्याचे हात आणि पाय दिसतील असं बसा. टेबल, ढोर किंवा मोटारसायकल मध्ये नको. पाचपन्नास माणसांच्या घोळक्यात विचारू नका. घोळक्यात निर्दोष माणूसही गांगरतो आणि खोटारड्याला दुसऱ्याच्या बोलण्यात आपलं बोलणं लपवता येतं. तुमच्या बाजूने एक माणूस पुरे. त्याने बोलायचं नाही, उत्तरं लक्षात ठेवायची.

पायरी २: त्याची नेहमीची चाल बघा

दहा मिनिटं अशा विषयावर बोला, ज्यात खोटं बोलायचं त्याला कारणच नाही. पण विषय त्याला विचार करायला लावणारा हवा. इथे बहुतेकांची चूक होते. पाऊसपाण्याच्या गप्पांत माणूस सैल असतो. तिथून थेट "बैल मारका आहे का?" वर आलात तर तो सावध होणारच, खरा असला तरी. मग सैलपणा आणि सावधपणा यांतला फरक तुम्ही खोटेपणाच्या नावावर टाकता. तुलना बरोबरीच्या दोन गोष्टींची करायची. आठवावं लागेल, पैशाशी जवळचं असेल आणि उत्तर तुम्हाला आधीच माहीत असेल, असं काही विचारा: "औंदा सोयाबीन कधी पेरलं? किती एकर? काय भावानं गेलं?"

बघायचं ते इतकंच:

- उत्तर द्यायला किती वेळ घेतो
- हात किती हलवतो
- आवाज कोणत्या पट्टीत असतो
- विचारल्यापेक्षा जास्त सांगतो की मोजकं
- चुकलं की स्वतः दुरुस्त करतो का

शेवटची गोष्ट बारकाईने बघा. खरं आठवून सांगणारा मध्येच थांबतो, "नाही नाही, मृगात नाही, आर्द्रा लागल्यावर" असं म्हणतो. अमुक आठवत नाही, असंही कबूल करतो. गोष्ट रचून आणलेल्याला हे दोन्ही टाळायचं असतं, कारण आपण कच्चे दिसू अशी त्याला भीती असते. आपण नेमके उलटे वागतो: जो दुरुस्ती करतो त्याच्यावर संशय घेतो.

पायरी ३: बदल कुठे झाला ते टिपा

डीपाउलो आणि सहकाऱ्यांनी २००३ साली १५८ खुणा तपासल्या. बहुतेकांचा खोट्याशी संबंध अगदी क्षीण किंवा नाहीच. ज्यांत थोडं तथ्य निघालं त्या अशा: तपशील कमी, बोलण्यात विसंगती, स्वतःहून केलेल्या दुरुस्त्या कमी, आवाज किंचित चढा, ओठ दाबलेले, हनुवटी वर. बोलण्यासोबत होणारी हातांची हालचालही थोडी घटते. खोटं बोलणारा चुळबुळ करतो असं आपण म्हणतो, पण पुष्कळदा तो बोलताना आखडलेला असतो.

बाजारात हे असं दिसतं. विकणारा बोलता बोलता बैलाच्या वशिंडावरून हात फिरवतोय, माशा हाकलतोय, मध्ये कासरा ओढतोय. तुम्ही विचारता, "वखराले बसत तं नाही ना?" हात वशिंडावर तसाच राहतो. उत्तर येतं, "छा! कायले बसते." दोन वाक्यांनंतर हात पुन्हा फिरू लागतो.

यावरून बैल वखराला जुंपल्यावर मध्येच बसतो असं ठरत नाही. कदाचित त्याला चार वर्षांपूर्वीचा दुसरा बैल आठवला असेल. पण या प्रश्नाकडे परत यायचं, हे ठरलं. एक बदल दिसला तर सोडून द्या. एकाच प्रश्नावर दोन-तीन बदल एकदम दिसले, हात थांबला, पट्टी चढली आणि एरवी बडबड्या माणसाने उत्तर तीन शब्दांत आटोपलं, तर मनात खूण करा. चेहऱ्यावर खूण दाखवू नका. विषय बदला, पाच-सात मिनिटांनी दुसऱ्या वाटेने त्याच जागी या. पुन्हा तसंच झालं, तर पुढच्या पायरीवर चला.

पायरी ४: प्रश्न

सगळी मेहनत इथे करायची. हात-पाय वाचण्यात घालवलेला वेळ इथे घातला तर जास्त कळतं.

पहिला नियम: हो-नाहीचा प्रश्न शेवटी. "बैल कामाचा आहे ना?" याला फक्त एकच उत्तर आहे. "याचं सगळं सांगा, घेतला तेव्हापासून" असं म्हणा आणि गप्प बसा. मध्ये हुंकाराशिवाय काही नको.

दुसरा नियम: ज्याची त्याने तयारी केली नसेल ते विचारा. वय, दूध, भाव यांची उत्तरं तो घरून पाठ करून येतो. एकटा बैल विकायला आणला असेल तर त्याचा जोडीदार विचारा.

"हा कोणत्या अंगाले चालते?"
"उजव्या."
"अन् डाव्या अंगाचा कोठी गेला?"
"तो इकला."
"कोणाले?"
"होता एक गिऱ्हाईक, तिकडचा."
"मंग हा एकटा किती दिवस हाये?"
"झाले थोडे."

आता दुसरा विक्रेता, त्याच प्रश्नावर: "डाव्या अंगाचा मेला ना भाऊ, पोया झाल्यावर. नाही, पोयाच्या आंदीच, कारण पोयाले आमी एकटाच सजवला होता. पायाले खुटी लागली, डॉक्टरले बलावलं पन उशीर झाला. तवापासून शेजाऱ्याच्या बैलासंगं जुपतो."

दुसऱ्या उत्तरात पडताळता येतील अशा तीन गोष्टी आहेत: डॉक्टर, शेजारी आणि पोळ्याला एकटाच सजवलेला बैल. पहिल्यात एकही नाही. खोटं बोलणारा तपशील देतो, पण तुम्हाला जाऊन विचारता येणार नाहीत असे. उत्तर ऐकताना मनात एवढाच हिशेब ठेवा: यातलं काय काय मी उद्या दुपारपर्यंत तपासू शकतो?

जमिनीच्या दलालासाठी तयारीबाहेरचा प्रश्न वेगळा. कागदावर काडीने किंवा पेनने वावर काढायला सांगा: विहीर कुठे, चारी धुऱ्यांना (बांधांना) कोणाचं वावर, निंबाचं झाड कोणत्या कोपऱ्यात. मग विचारा, "पावसाळ्यात बंडी कोणत्या बाजूनं आत जाते?" ज्याने ते वावर वाहिलं आहे तो लगेच सांगेल, रस्ता शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून असेल तर कुरकुरत सांगेल. पांदण नसलेली जमीन "रोड टच" म्हणून विकणारा इथे गोल फिरतो. अर्ध्या तासाने पुन्हा काढायला सांगा आणि दोन्ही चित्रं शेजारी ठेवा.

उलटं सांगायला लावणं ही चौकशीतली ताकदीची युक्ती आहे. "घरी पोचलास तिथून सुरू कर, मागं मागं ये." रचलेली गोष्ट सुरुवातीपासून शेवटापर्यंत पाठ असते, शेवटाकडून मागे नसते. उलटं सांगताना डोक्यावर ताण येतो आणि विसंगती बाहेर पडते. पण म्हातारं माणूस, दिवसभर राबून आलेला, प्यालेला किंवा घाबरलेलं पोर खरं बोलत असूनही इथे अडकतं. त्यांच्यावर ही युक्ती वापरू नये.

तिसरा नियम: तुमच्याकडचा पुरावा शेवटपर्यंत झाकून ठेवा. समजा कोठ्यातली तुरीची दोन पोती गेली आणि गुरुवारी सालदाराच्या नावाने तालुक्याच्या आडत्याकडे तूर मोजल्याची पावती तुमच्या हाती लागली. संतापाने पावती तोंडावर फेकली की तो पावतीला जुळेल अशी गोष्ट तिथल्या तिथे बनवतो. शिवाय तूर खरंच त्याची स्वतःची असेल, तर निष्कारण एक माणूस दुखावला. क्रम असा ठेवा:

१. "गुरुवारी सकाळपासून काय काय केलं ते सांग." मध्ये बोलू नका.
२. "गावाबाहेर गेला होतास का? बंडी नेली होती का? या महिन्यात कुठं माल इकला का?" पावतीचं नाव नाही.
३. सगळी उत्तरं झाल्यावर पावती पुढे ठेवा आणि म्हणा, "हे कसं ते समजावून सांग."

ज्याने स्वतःची तूर नेली तो पहिल्या किंवा दुसऱ्या प्रश्नालाच सहज सांगतो, "हो, भावाच्या वावरातली आमच्या वाट्याची होती, नेली." त्याला लपवायचं काही नसतं. ज्याने तुमची नेली तो गुरुवारी गावातच होता म्हणतो. मग त्याचं म्हणणं आणि पावती समोरासमोर येतात, त्यासाठी त्याच्या कपाळावरचा घाम मोजावा लागत नाही. स्वीडनच्या पार अँडर्स ग्रॅनहाग आणि मारिया हार्टविग यांनी पोलिसी चौकशीसाठी बसवलेली पद्धत हीच आहे.

पायरी ५: वस्तूला विचारा

वस्तू समोर असताना माणसाचा चेहरा वाचत बसणं हा वेळेचा अपव्यय आहे.

बैलाचं वय दातांवर बघा. पक्क्या दातांची पहिली जोडी साधारण दोन ते अडीच वर्षांत येते आणि आठही दात जुळायला साडेचार-पाच वर्षं लागतात. कानातल्या बिल्ल्यावर १२ आकडी क्रमांक असतो. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्यावरून नोंद बघता येते. बाजारात कडक जमिनीवर आणि चढावर चालवून पाहा, वखर किंवा बंडी जुंपून पाहा. दुखणं दाबणारं इंजेक्शन देऊन लंगडा बैल बाजारात उभा करतात, म्हणून शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

गाय दुधाची म्हणून घेत असाल तर लागोपाठच्या दोन वेळा समोर बसून दूध काढून घ्या. एकच वेळ पाहिली तर फसाल, कारण आदल्या वेळेला पिळली नसेल तर कास भरलेली असते आणि आकडा फुगतो.

खेडा खरेदीवाल्याच्या काट्यावर घरातली न फोडलेली डीएपी खताची गोणी ठेवा. आत ५० किलो असतात, गोणीचं वजन थोडं वर. युरियाची गोणी ४५ किलोची, तेव्हा घोळ करू नका. "काटा बरोबर हाये, शंका असन तं नका देऊ" असा आवाज चढला तरी हरकत नाही, गोणी ठेवा. कापसाच्या ओलाव्याचं भांडण मीटरने सोडवा: सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ८ टक्के ओलावा धरतात, १२ टक्क्यांपर्यंत भावात कपात होते, त्यापुढे माल घेत नाहीत.

कपाशीचं "तणनाशक मारलं तरी मरत नाही" असं बियाणं घरपोच देणाऱ्याला एकच गोष्ट मागा, लॉट नंबरसह पक्कं बिल. या बियाण्याला देशात परवानगी नाही, त्यामुळे बिल मिळणारच नाही. तो किती प्रामाणिक चेहऱ्याने बोलतो, याचा विचार करायची गरज उरत नाही.

कुठे थांबायचं

सगळ्यात महाग चूक म्हणजे भीतीला खोटं समजणं. ज्याच्यावर आळ आला आहे तो निर्दोष असला तरी "आपलं कोणी ऐकणार नाही" म्हणून थरथरतो, विशेषतः गरीब, परजातीचा, बाहेरगावाहून आलेला मजूर. पूर्वी संशयितांना कोरडे तांदूळ चावायला देत. ज्याचे कोरडे राहिले तो चोर. भीतीने तोंडाला कोरड पडते, म्हणून ते तांदूळ भिजत नसत, पण भीती चोराला असते आणि मार खायच्या विचाराने निर्दोषालाही असते. पॉलिग्राफ यंत्र श्वास, रक्तदाब आणि त्वचेचा घाम मोजतं, त्यातही हीच अडचण आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात ठरवलं, की संमतीशिवाय कोणाचीही पॉलिग्राफ, नार्को किंवा ब्रेन मॅपिंग चाचणी करता येणार नाही. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ नुसार पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाबही आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. गावकीत दमदाटीने वदवून घेतलेल्या कबुलीची किंमत यावरून ओळखा. बाबा-मांत्रिकाच्या नादाने कोणावर करणीचा आळ घातला, तर महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली आळ घालणाराच अडकतो.

शाळकरी पोरावर यातलं पुष्कळसं चालत नाही. मारून विचारलं की ते पुढच्या वेळी जास्त सफाईने खोटं बोलतं. त्याच्याशी एकट्याने, चालता चालता बोला आणि खरं सांगितलं तर काय होईल ते आधी सांगून टाका.

फोनवर समोर देहच नसतो. व्हिडिओ कॉलवर खाकी वर्दी दिसली तरी ती वाचायच्या भानगडीत पडू नका. फोन ठेवा आणि त्या ठाण्याचा नंबर स्वतः शोधून लावा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

समोर बसलेल्याचं बोलणं पटलं नाही, तर "तू खोटं बोलतोस" असं म्हणू नका. तो चिडतो आणि सौदा खरा असला तरी मोडतो. "आज इसार देतो, उद्या वावरात जुंपून पाहतो, मग बाकीचे" असं म्हणा. इसाराच्या चिठ्ठीवर बिल्ल्याचा १२ आकडी नंबर, ठरलेली किंमत, दिलेला इसार आणि "वखराला बसला किंवा मारका निघाला तर तीन दिवसांत परत, इसार पूर्ण परत" ही अट लिहा. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, आणि चिठ्ठीचा फोटो दोघांच्या मोबाईलमध्ये.